ती पांढरी, बारकी

डॉक्टरांनी “सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?” असं विचारलं की आपल्याकडचा पेशंट बायकोकडे बघतो. बायको मुलाकडे बघते. मुलगा मोबाइलकडे बघतो. मग तिघांच्या विचारविनिमयातून जे उत्तर निघतं ते चांद्यापासून बांद्यापर्यंत एकच असतं: एक बीपीची आहे, एक शुगरची आहे आणि एक ती आहे, पांढरी, बारकी.

हे म्हणजे आषाढीला पंढरपुरात चौकीवर जाऊन ‘धोतर नेसलेले, टोपी घातलेले एक गृहस्थ हरवलेत’ असं सांगण्यापैकी आहे. बीपीची ॲम्लोडिपिन बहुतेक कंपन्यांची पांढरी आणि बारकी. थायरॉइडचीही तशीच. झोपेच्या, चक्कर थांबवायच्या, लघवी साफ होण्याच्या गोळ्यांतही पांढऱ्या-बारक्यांचंच राज्य. शिवाय कंपनी बदलली की तीच गोळी पुढच्या महिन्यात गुलाबी आणि लांबट होऊन येते, आणि ‘दुकानदाराने भलतंच दिलं’ म्हणून ती बिचारी न खाताच डब्यात पडून राहते.

नाव स्ट्रिपवर छापलेलं असतं, नाही असं नाही. पण आपण दहाची स्ट्रिप घेत नाही, चार गोळ्या घेतो. दुकानदार कात्री चालवतो आणि आपल्या वाट्याला नावाचं शेपूट तेवढं येतं. ‘प्रोलोल’. किंवा नुसतंच ‘मिन ५००’. ज्या टोकाला मुदतीची तारीख छापलेली असते, नेमकी त्याच टोकाची गोळी आपण पहिल्या दिवशी फोडतो. तारीख त्या दिवशी फाटते, आणि उरलेल्या गोळ्या अमर होतात.

आमच्या घराण्यात अशा अमर गोळ्यांचा मोठा संग्रह अण्णा आणि काकूंकडे आहे. अण्णा माझे चुलते, प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, गाव सातारा जिल्ह्यात. संग्रह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो. त्यात अण्णांच्या बीपीच्या, शुगरच्या, कोलेस्टेरॉलच्या चालू गोळ्या, काकूंच्या थायरॉइडच्या आणि संधिवाताच्या चालू गोळ्या, दोघांच्या बंद झालेल्या गोळ्या, एका दिवंगत आत्याबाईंच्या राहिलेल्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, कानाचे थेंब, आणि कुठले ते आता सांगता येणार नाही असे थेंब. टाकून का देत नाही विचारलं तर काकू किंमत सांगते. औषधाची मुदत संपते. त्याला मोजलेल्या पैशांची संपत नाही.

खरं म्हणजे औषध मोजून देण्याचं वळण आपल्याकडे कच्चं होतं असं म्हणवत नाही. काकूची आजी बाळगुटी द्यायची. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, जायफळ अशी वीसेक मंडळी एका डबीत, आणि सहाणेवर दुधात प्रत्येकाचे वेढे ठरलेले. महिन्याच्या बाळाला वेखंडाचा एक वेढा, म्हणजे एकच. जायफळाच्या बाबतीत तर घरातल्या सगळ्यात प्रेमळ बाईलाही विश्वासात घेत नसत, कारण पोर शांत झोपतंय म्हणून ती दोन वेढे जास्त उगाळील ही भीती. जायफळ जास्त झालं तर पोर गुंगतं हे त्या निरक्षर बाईला पक्कं ठाऊक होतं. (आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका म्हणतात आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे. पण वेढे मोजणाऱ्या त्या बाईच्या शिस्तीपुढे नमस्कार करायलाच हवा.)

पुढे दवाखान्यातला कंपाउंडर आला. पेशंटने बाटली घरून आणायची, बुचासकट. कंपाउंडर आतल्या खिडकीतून लाल किंवा गुलाबी मिक्श्चर ओतून द्यायचा आणि बाटलीला कडेने कंगोरे कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक कंगोरा, एक डोस. वाचता येण्याची गरज नव्हती. नजर शाबूत असली की पुरे. औषध कितपत कामाचं होतं हा वेगळा विषय, पण दुपारचा डोस राहिला हे संध्याकाळी आल्यागेल्यालाही पट्टीवरून कळायचं.

मग पट्टी गेली आणि चमचा आला.

डॉक्टर म्हणतात, “बाळाला एक चमचा द्या.” कागदावर या चमच्याचा अर्थ ५ मिलिलिटर. पण मराठी स्वयंपाकघरात चमचा ही एक वस्तू नसून खानदान आहे. चहाचा वेगळा, पोह्यांचा वेगळा, मिसळणाच्या डब्यातला बारका वेगळा, लोणच्याच्या बरणीतला लांब दांड्याचा वेगळा, आणि पाहुणे आल्यावर श्रीखंडासाठी निघतो तो, अहेरात आलेला, सगळ्यांत खोल. कुठला घ्यायचा हे त्या क्षणी कुठला घासलेला आहे यावर ठरतं. हा प्रश्न आपल्यापुरता नाही. ग्रीसमध्ये काही संशोधकांनी २५ घरांतले चमचे गोळा करून मोजले आणि २०१० साली त्याचा निष्कर्ष छापला: चहाच्या ७१ चमच्यांत सगळ्यात लहान अडीच मिलिलिटरचा निघाला, सगळ्यात मोठा ७.३ मिलिलिटरचा. म्हणजे एका घरचा एक चमचा तो दुसऱ्या घरचे जवळपास तीन. त्यांनी आमच्या काकूचा श्रीखंडाचा चमचा पाहिला नव्हता.

यावर उपाय कंपनीने बाटलीच्या डोक्यावरच बसवून दिलेला असतो. अडीच, पाच, दहा अशा रेषा असलेलं प्लास्टिकचं टोपण. ते टोपण पहिल्या दिवशी औषधाला, दुसऱ्या दिवशी भातुकलीत पातेलं म्हणून आणि तिसऱ्या दिवसापासून पलंगाखाली असतं.

त्याहून मोठी गंमत थेंबांची. तापावरचं पॅरासिटामॉल लहान मुलांसाठी दोन रूपांत मिळतं. सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम. आणि ड्रॉपर लावलेल्या इवल्याशा बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १००. सामान्य समजूत याच्या बरोबर उलटी: बाटली लहान, म्हणजे औषध सौम्य, ‘बाळांचं आहे ते’. बाटलीतलं तेज बाटलीच्या उंचीवर ठरत नाही हे सांगायला गेलात तर घरातले लोक तुमच्याकडे कंपनीचा एजंट असल्यासारखं बघतात. दहा किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे थेंबांच्या औषधाचा एक-दीड मिलिलिटर. ‘एक चमचा’ म्हणून त्याच बाटलीतलं पाच मिलिलिटर पाजलं तर पोटात ५०० गेलं. तेवढं मोठ्या माणसाच्या गोळीत असतं. त्यात सर्दीच्या सिरपातही पॅरासिटामॉल असतं आणि ते शेजारच्या बाईंनी दिलेलं असतं.

आणि हिशेब वजनावर असतो, वयावर नसतो. पण मुलाचं वजन किती, असं डॉक्टरांनी विचारलं की आजी दुखावते. “वजन काढू नये हो, दृष्ट लागते.”

भुकटीच्या बाटलीचं एक प्रकरण आहे, ते थोडक्यात सांगतो. अँटिबायोटिकची कोरडी भुकटी, उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेपर्यंत घालायचं आणि हलवायचं. हलवल्यावर पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा खुणेपर्यंत घालायचं. काकू खुणेच्या पुढे दोन बोटं घालते. का? “घट्ट वाटत होतं. आणि तेवढंच चार दिवस जास्त पुरतं.” हलवण्याबाबतही तिचं मत आहे की एकदा हलवलं की झालं, रोज रोज काय हलवायचं. त्यामुळे पहिले दोन दिवस पोराला वासाचं पाणी आणि शेवटच्या दिवशी तळाचा गाळ, म्हणजे आठवड्याचा हिशेब एकदम चुकता.

आता वेळ. औषधाची वेळ आणि मराठी माणसाचा चहा यांचं पिढीजात वैर आहे. काकूला थायरॉइडची गोळी आहे. ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही. काकू हे तंतोतंत पाळते. फक्त चहा हे ‘काही’ आहे हे तिला मान्य नाही. चहा म्हणजे खाणं नव्हे. चहा घेतल्यावरच माणूस उपाशी आहे की नाही हे त्याला कळतं. डॉक्टरांनी एकदा फारच बजावून सांगितलं तेव्हा तिने मध्यम मार्ग काढला: बिनसाखरेचा चहा. मग कॅल्शियमच्या गोळीची भर पडली. ती थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर हवी, जवळ आली तर पहिलीला रक्तात शिरूच देत नाही. काकूने दोघींना एकाच घोटात गिळून टाकलं. “पोटात गेल्यावर त्यांचं त्या बघतील.”

काकूच्या डब्यातली एक गोळी मात्र खरोखर घाबरण्यासारखी आहे. संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ठरलेल्या वारी एकदा, आणि मग पुढचे सहा दिवस तिच्याकडे बघायचंही नाही. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, आणि माणूस जीवानिशी जाऊ शकतो; जगभर असं घडलेलं आहे आणि घडतं. गोळी मात्र दिसायला अगदी गरीब, रोजच्या पंगतीत सहज बसणारी. एका भाच्याने काकूला समजवायला सुरुवात केली तर ती म्हणाली, “मला नको शिकवू. माझी ती शनिवारची आहे. मारुतीला तेल, मग गोळी.” या एका गोळीत तिची आजतागायत चूक झालेली नाही. अमेरिकेतल्या पेशंटसंरक्षक संस्थांनी या गोळीसाठी जे इशारे छापले त्यांत मारुतीचा उल्लेख नाही, हे त्यांचं नुकसान.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुडीला असा कोणी देव लाभला नाही. तीही आठवड्यातून एकदा. पण दुधातून घ्यायची, चवीला गोड, आणि ‘टॉनिक’ म्हणून ओळख. म्हणून लोक ती रोज घेतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी उलट्या, बद्धकोष्ठ आणि वाढलेलं कॅल्शियम घेऊन येतात. आठवड्याचं औषध रोज खाणारा हा वर्ग रोजचं औषध मात्र आठवड्याने खातो, कारण “बीपी आता नॉर्मल आलंय ना, मग कशाला गोळी?” ते गोळीमुळे नॉर्मल आलंय, हे वाक्य उच्चारून डॉक्टरांचे दात झिजले.

अण्णांची गोष्ट अंगारकीची. अंगारकीचा उपास अण्णा कडक करतात. साबुदाण्याला ते उपास मानत नाहीत, जिभेचा उत्सव मानतात. चंद्रोदयापर्यंत चहा, पाणी, बस. शुगरची गोळी घ्यायची का, असा प्रश्न सकाळी निघाला. काकूने निकाल दिला: गोळीत धान्य नसतं, गोळी चालते. धर्मशास्त्रात हा निकाल टिकेल, शरीरशास्त्रात नाही. त्यांची ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला चिमटा काढून इन्शुलिन सोडायला लावते. जेवण आलं की नाही याची ती चौकशी करत नाही. म्हणूनच ती जेवणाबरोबर घ्यायची असते, आणि उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून तिचं काय करायचं ते ठरवायचं असतं.

दिवस श्रावणाचे. कॅलेंडरवर चंद्रोदय छापलेला होता, ढगात मात्र नव्हता. छापील चंद्रावर उपास सोडायला अण्णा तयार नव्हते. साडेनऊच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि ते काकूला ‘हजेरी घे’ म्हणाले. शेजारून तीन निदानं आली: गॅस, पित्त, बाहेरचं काहीतरी. समोरच्या वाड्यातल्या अंगणवाडी सेविकेने मात्र कोणाचं न ऐकता साखरेचं पाणी पाजलं. अण्णा शुद्धीवर होते, गिळत होते, म्हणून ते जमलं. पाच-दहा मिनिटांत अण्णांनी शाळेची आठवण सोडून घराची चौकशी केली. पण या गोळीचा अंमल वयस्कर माणसात लांबतो, साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात नेलं आणि तिथे त्यांना ठेवून घेतलं.

तिथे मला पहिल्यांदा औषध देण्याची कला नीट बघायला मिळाली. वॉर्डची सिस्टर पंचविशीतली असेल. ट्रॉली घेऊन आली आणि तिने काकूला विचारलं, “पेशंटचं पूर्ण नाव सांगा.”

काकू लाजली. काकूने आयुष्यात अण्णांचं नाव फक्त उखाण्यात घेतलेलं आहे. “ह्यांचं ना? ते… आमचे हे.” सिस्टर थांबून राहिली. कोणाला बोलवावं म्हणून काकू इकडेतिकडे बघू लागली. शेवटी अण्णांनीच ग्लानीतून नाव सांगितलं, अगदी हजेरीपटावर घालतात तसं, आडनाव आधी.

आडनाव पाटील. साताऱ्याकडच्या वॉर्डात ही ओळख पटवण्याला मदत नव्हे, अडथळा असतो. त्या वॉर्डात तीन पाटील होते. अण्णांना सगळ्यांत राग आला तो हा की सिस्टर दर वेळी नाव विचारते. सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, रात्री उठवून विचारलं. “अहो, दुपारी सांगितलं ना? मी काय बदललो की काय?” सिस्टर हसून म्हणाली, “आजोबा, तुम्ही नाही, पण कॉट बदलतात.” आणि हे तर त्याहून चांगलं: ती कधी “तुम्ही पाटील ना?” असं विचारत नसे. कारण असं विचारलं की आपला माणूस हो म्हणतो. ऐकू आलं नाही तरी हो म्हणतो. कोणी एवढ्या मायेने विचारतंय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हणतो. शेजारच्या कॉटवरचे कुलकर्णीसुद्धा हो म्हणाले असते.

नावाखालोखाल दुसरी ओळख जन्मतारखेची. सिस्टरने विचारलं, अण्णा म्हणाले, “एक जून.” पलीकडच्या पाटलांना विचारलं, “एक जून.” खिडकीपाशी तिसरे पाटील, तेही एक जून. सिस्टरने पेन खाली ठेवलं. ज्यांना हे नवीन असेल त्यांच्यासाठी: महाराष्ट्राच्या खेड्यांत एक पिढी अशी आहे की जिच्या जन्माची नोंद घरी कोणी केलेली नव्हती. पोर शाळेत आणून सोडलं की गुरुजी त्याच्याकडे बघून साल ठरवायचे आणि तारीख १ जून टाकायचे; शाळाप्रवेशाच्या हिशेबाला ती सोयीची पडते. आता पलीकडचे दोन्ही पाटील वयाने अण्णांपेक्षा बरेच लहान. खिडकीजवळचे पाटील उठून बसले आणि म्हणाले, “गुरुजी, माझी तुम्हीच टाकलीय की!” अण्णांच्या चेहऱ्यावर क्षणभर कर्तव्यपूर्तीचं समाधान दिसलं. अख्ख्या तालुक्याला एकाच दिवशी जन्माला घालणारा माणूस त्या रात्री वॉर्डाच्या सुरक्षिततेच्या आड आला होता. सिस्टरने मग मनगटावरच्या पट्टीवरचा नोंदणी क्रमांक वाचला आणि गोळी दिली. तो क्रमांक कोणा गुरुजींनी दिलेला नव्हता.

नर्सिंगच्या पोरींना शिकवतात ती पाच कलमं अशी: माणूस बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर, वाट बरोबर, वेळ बरोबर. हल्लीच्या पुस्तकांत ती वाढत वाढत दहापर्यंत गेलीत. पैकी ‘वाट’ हा शब्द काकूला हास्यास्पद वाटला: औषध तोंडानेच घेतात की. पण दम्याची हुंगायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसं प्रत्येक छातीच्या डॉक्टरने पाहिलेली आहेत. पंपाच्या डबीत घालून श्वासाने ओढायची ती कॅप्सूल. पेशंट ती इमानाने महिनाभर गिळतो आणि म्हणतो, काही फरक नाही.

सगळ्यात मला आवडलं ते इन्शुलिन देणं. एक सिस्टर भरते, दुसरी बघते, आणि दोघी मोठ्याने वाचतात. पेशंटच्या नातेवाइकांना वाटतं की यांना एकमेकींवर विश्वास नाही. बरोबर आहे; नाहीच. तो नसावा म्हणूनच दोघी. आपल्याकडे कुपीतलं इन्शुलिन मुख्यतः एका मिलिलिटरला ४० युनिटचं. त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. दुसरं १०० युनिटचं. त्याची नारिंगी टोपणाची. शंभरचं इन्शुलिन चुकून चाळीसच्या सिरिंजमध्ये भरलं तर २० युनिट म्हणून ५० जातात. आणि कागदावर ‘युनिट’साठी इंग्रजी यू हे नुसतं अक्षर काढलं तर ते घाईत शून्यासारखं दिसतं, दहाचे शंभर होतात. म्हणून शब्द पूर्ण लिहायचा. तसंच एक मिलिग्रॅम असेल तर एक लिहून थांबायचं, पुढे टिंब आणि शून्य लावायचं नाही, कारण टिंब पुसट झालं की ते दहा. आणि अर्धा असेल तर टिंबाच्या आधी शून्य लावायचंच. एवढी सगळी भीती एका टिंबाची! डॉक्टरांनी औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम २०१६ साली निघाला. अण्णांनी चाळीस वर्षं पोरांची शुद्धलेखनं तपासली, पण डिस्चार्ज कार्ड वाचून ते म्हणाले, “हा मुलगा माझ्या शाळेतला नाही.”

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांतल्या चुका कमी करण्याची मोठी मोहीम सुरू केली तेव्हा अशा चुकांची जगाला पडणारी किंमत वर्षाला ४२ अब्ज डॉलर सांगितली होती. त्यात भेटायला येणाऱ्या नातेवाइकांचा वाटा वेगळा काढलेला नाही. तो काढावा. संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत एक गृहस्थ येतात. पेशंटला ‘कसंय?’ विचारून झालं की हातांना काम नसतं, म्हणून ते सलाइनच्या नळीवरचं चाक फिरवतात. “फार हळू चाललंय. संपलं की सोडतील ना घरी.” सिस्टरने घड्याळ लावून मिनिटाचे थेंब मोजून ते चाक बसवलेलं असतं. अण्णांच्या शेजारच्या कॉटवर हे झालं. सिस्टरने आल्या आल्या चाक पूर्ववत केलं, त्या गृहस्थांना स्टुलावर बसवलं, आणि दोन्ही हातांत पेशंटचा डबा दिला. मला वाटतं हे अकरावं कलम पुस्तकात घालायला हरकत नाही.

रुग्णालयातून सुटका झाली, पण खरा घोटाळा घरी यायचा होता. तिथे शुगरची गोळी बदलली होती. बीपीची तीच ठेवली होती, पण दुसऱ्या कंपनीची दिली. घरी डब्यात जुनी होतीच. नावं वेगळी, म्हणजे औषधं वेगळी, असा सरळ न्याय लावून काकूने दोन्ही सुरू करायचं ठरवलं. मोठ्या, ठळक अक्षरांत छापलेलं कंपनीचं नाव आपण वाचतो. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं, ते वाचायला भिंग लागतं. जनऔषधीच्या दुकानातून आणलं तर ठळक नावच नाही, नुसतं औषधाचं; मग लोक म्हणतात, “हे कुठलंतरी साधंच दिसतंय.” नशिबाने भाचीने भिंग लावलं आणि दोन्हीवर मेटोप्रोलोलच सापडलं. दोन्ही घेतल्या असत्या तर नाडी एवढी संथ झाली असती की अण्णा उभे राहताच खाली बसले असते.

न्यू जर्सीहून अण्णा-काकूंच्या मुलाने मग व्हिडिओ कॉलवर सगळ्यांची झाडाझडती घेतली आणि सात कप्प्यांची डबी पाठवली. त्यावर वारांची इंग्रजी आद्याक्षरं. मंगळवार आणि गुरुवार दोन्ही ‘टी’. शनिवार आणि रविवार दोन्ही ‘एस’. काकूने पहिल्याच आठवड्यात मारुतीची गोळी रविवारात घातली आणि स्वतःच पकडली. मग तिने डबी पालथी घातली, सगळ्या कप्प्यांवर पांढरी चिकटपट्टी लावली, आणि देवनागरीत वार लिहिले, प्रत्येकापुढे त्या वाराचा देव. बंद झालेल्या गोळ्या तिने डब्यातून काढल्या. टाकल्या नाहीत, पण दुसऱ्या डब्यात घातल्या आणि तो माळ्यावर ठेवला. हेही कमी नाही.

सिस्टरचा तिच्यावर झालेला परिणाम मात्र मी धरला नव्हता. आता रोज सकाळी ती एका हातात पाण्याचं भांडं आणि एका हातात गोळी घेऊन अण्णांच्या खुर्चीसमोर उभी राहते.

“पूर्ण नाव सांगा.”

“अगं, मी तुझा नवरा आहे.”

“ते मला माहीत आहे. नाव सांगा.”

“तूच सांग की एकदा!”

“अहो, उगाच वेळ घालवू नका, नऊची गोळी आहे. जन्मतारीख?”

“एक जून.”

“ती शाळेतली. खरी सांगा.”

“खरी मला तरी कुठे माहीत आहे?”

“मग थांबा,” म्हणून काकूने गोळी परत डबीत ठेवली आणि अण्णांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना फोन लावला. आक्का नव्वदीच्या आहेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तारीख काही सांगता येणार नाही म्हणाल्या, पण भातलावणी चालू होती आणि आईला चिखलातून घरी आणली होती. आणि अण्णाला शुगरच्या त्या इंग्रजी गोळ्या देण्यापेक्षा आपल्याला जिने अगदी उतार पडला ती गोळी त्या नातवाबरोबर आजच पाठवून देत आहेत. कशावरची आहे ते आता आठवत नाही, पण चार शिल्लक आहेत.